‘एमएस द्या’ म्हणण्याआधी: बडोद्यातल्या नव्या फॅब्रिकेटरसाठी

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) शेड भाड्याने घेतली त्या वर्षी मी चाळीस पिना वाया घालवल्या. कन्व्हेयरच्या साखळीच्या पिना, २५ मिलिमीटर जाडीच्या, लेथवर छान टर्न केलेल्या. हार्डनिंगवाल्याकडे दिल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. रंग काळपट झाला होता, बाकी काही बदललं नव्हतं. कानस मारली तर आधीसारखाच कीस पडत होता. हार्डनिंगवाला म्हणाला, “भाऊ, हा एमएस आहे. शंभर वेळा तापवून पाण्यात बुडवा, कडक होणार नाही.”

दुकानात मी काय मागितलं होतं? “पंचवीसचा ब्राइट बार, एमएस.” दुकानदाराने मागितलं तेच दिलं. त्याला बोल लावायला जागाच नव्हती.

एमएस म्हणजे माइल्ड स्टील, कमी कार्बनचं पोलाद. आपण सगळे त्याला सरसकट लोखंड म्हणतो, आणि बाजारात विचारलं तर “बद्धुं एक ज छे” हे उत्तर ठरलेलं. सगळं एक नाही. दारावर लागणारी जाळी, ट्रान्सफॉर्मरची टाकी, घरातला गॅसचा बाटला आणि गाडीचं बॉनेट ही चारही कमी कार्बनच्या पोलादाची, पण चौघांचा माल वेगवेगळा. तुम्ही नव्याने फॅब्रिकेशनमध्ये उतरत असाल, किंवा वडिलांचं वर्कशॉप हातात घेत असाल, तर पहिला ट्रक उतरवण्याआधी पुढचं वाचून घ्या.

१. माल काय आहे ते समजून घ्या

पोलादात लोखंडाच्या जोडीला सर्वात महत्त्वाचा पाहुणा कार्बन. तो साधारण ०.२५ टक्क्यांपर्यंत असला तर कमी कार्बनचं पोलाद. त्याच्या वर ०.६ टक्क्यांपर्यंत मध्यम, त्याहून वर जास्त कार्बनचं. २ टक्क्यांच्या पुढे गेलात की बिडाच्या मुलखात शिरलात. म्हणजे १०० किलो एमएसमध्ये कार्बन जेमतेम पाव किलो, आणि त्या पाव किलोवरच सगळा स्वभाव ठरतो.

कार्बन कमी म्हणून हा माल मऊ, लवचीक, वाकवला तर वाकतो, ओढला तर तुटण्याआधी बराच ताणला जातो. वेल्डिंग सहज होतं, गॅसने कापता येतो, ड्रिल बिनतक्रार आत जातं. ओव्हरलोड झाला तर आधी वाकून दाखवतो, मग तुटतो. बांधकामात आणि यंत्रांच्या फ्रेममध्ये हा गुण सोन्यासारखा. उणेही आहेत: कडक होत नाही, लवकर झिजतो, आणि उघडा ठेवला की गंजतो.

आकडे पाठ करायचे तर तीनच करा. घनता ७८५० किलो प्रति घनमीटर. वितळण्याचं तापमान १५०० अंश सेल्सियसच्या आसपास. आणि लवचिकतेचा मापांक सुमारे २०० गिगापास्कल. तिसऱ्या आकड्यावर नवे लोक हमखास फसतात, त्यामुळे त्याच्यावर जरा थांबतो.

समजा तुमच्या मेझनीनचा (शेडमधल्या अर्ध्या मजल्याचा) चॅनल मधे झोल खातोय. कोणीतरी सांगतं, “जास्त ताकदीचं स्टील वापर, ई ३५० घे.” तुम्ही जास्त पैसे मोजून ई ३५० आणता आणि झोल तेवढाच राहतो. कारण ताकद म्हणजे कायमचं वाकण्याआधी किती भार सोसेल, आणि झोल म्हणजे भाराखाली किती लवेल. लवणं त्या मापांकावर ठरतं, आणि तो मऊ एमएसचा आणि भारी स्टीलचा जवळपास सारखाच. झोल कमी करायचा तर सेक्शनची उंची वाढवा. पट्टीची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. पैसे उंचीत घाला, ग्रेडमध्ये नको.

२. आधी काम सांगा, मग ग्रेड

दुकानात पाय ठेवण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: या तुकड्याला काय करायचं आहे? उभं राहायचं, वाकायचं, दाब सोसायचा, की घासून घ्यायचं? त्यावरून ग्रेड निघतो.

उभं राहायचं काम, म्हणजे शेड, स्टँड, फ्रेम, प्लॅटफॉर्म: आयएस (म्हणजे भारतीय मानक) २०६२ चा ई २५०. यातला २५० म्हणजे किमान यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचं वाकण्याआधी सोसायची ताकद), मेगापास्कलमध्ये. ही हमी २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीला. २० ते ४० मध्ये ती २४० होते, त्याच्या वर २३०. जुने डिझाइनर अजून “एफई ४१०” म्हणतात, तो हाच माल. ४१० हा तुटण्याच्या ताकदीचा आकडा. ग्रेडपुढे ए, बीआर, बी०, सी अशी अक्षरं येतात. ती धक्क्याच्या चाचणीची. ए साधा, बीआर खोलीच्या तापमानाला, बी० शून्य अंशाला आणि सी उणे २० अंशांना धक्का सोसतो अशी ती चढण. एमएस थंडीत ठिसूळ होतं, म्हणून ही भानगड. बडोद्याच्या गेटला ए पुरे. कोल्ड स्टोरेजच्या आतल्या स्ट्रक्चरची ऑर्डर आली तर मात्र ड्रॉइंगमधलं अक्षर डोळे फाडून बघा.

वाकवायचं, दाबायचं, खोल ओढायचं काम, म्हणजे कपाटाचे पॅनल, पंख्याचे कप, दिव्याच्या रिंगा: आयएस ५१३ चा कोल्ड रोल्ड पत्रा, बाजारात सीआर. त्यातही साधा, डीडी म्हणजे डीप ड्रॉइंग आणि ईडीडी म्हणजे त्याहून खोल ओढण्याचा. साध्या सीआरने वाटी ओढायला गेलात तर कोपऱ्यावर फाटते आणि डायवाल्याशी भांडण होतं. डायवाल्याचा दोष नसतो. गाड्यांच्या बॉडीला लागणारा आयएफ पत्रा याच घराण्यातला सर्वात मऊ, त्यात कार्बन ०.००५ टक्क्यांच्याही खाली असतो.

काळा पत्रा म्हणजे हॉट रोल्ड, एचआर, आयएस १०७९. तो साधारण १.६ मिलिमीटरपासून वर मिळतो. पातळ हवा आणि फिनिश हवं तर सीआर, जाड हवं आणि फिनिशची पर्वा नाही तर एचआर.

दाब सोसायचं काम तुम्ही इतक्यात घेऊच नका. बॉयलरची प्लेट आयएस २००२ ची, वेगळी. घरातला १४.२ किलोचा गॅसचा बाटला नीट बघा: पोटावर मध्यभागी एक आडवा जोड दिसतो. कमी कार्बनच्या पत्र्याच्या दोन खोल वाट्या ओढून तिथे जोडलेल्या असतात. इतकं ओढूनही पत्रा न फाटणं आणि जोड दाबाखाली टिकणं, या दोन्हीसाठी कार्बन मुद्दाम खाली ठेवलेला. ती दुनिया परवान्यांची आणि इन्स्पेक्टरांची. आधी फ्रेम नीट बनवायला शिका.

घासण्याचं काम, म्हणजे पिना, गिअर, शाफ्टची टोकं. याचा वेगळा मुद्दा खाली आहे. माझ्या चाळीस पिना तिथे येतील.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण ऑर्डर इथूनच येणार. बडोदा ट्रान्सफॉर्मरचं गाव. त्याच्या टाक्या एमएसच्या, रेडिएटर पातळ सीआरचे, पण गाभा सिलिकॉन स्टीलचा. टाकीच्या ड्रॉइंगमध्ये लो व्होल्टेज बुशिंगच्या (कंडक्टर टाकीतून बाहेर येतो त्या इन्सुलेटरच्या) आजूबाजूला कधी कधी एक चौकोनी तुकडा स्टेनलेसचा दाखवलेला असतो. माझ्या एका ओळखीच्या पोराने “डिझाइनरची हौस” म्हणून तिथेही एमएसच लावला. मोठा करंट जाणाऱ्या कंडक्टरभोवती चुंबकीय पोलाद असलं की त्यात एडी करंट फिरतात आणि पत्रा तापतो. ते टाळायला तो नॉन-मॅग्नेटिक तुकडा. टाकी परत आली. ड्रॉइंगमधली कुठलीच गोष्ट हौसेची समजू नका.

दुसरी गोष्ट नंदेसरीकडच्या केमिकल कारखान्यांची. सल्फ्युरिक ॲसिड ९३ ते ९८ टक्के असेल तर साध्या पोलादाच्या टाकीत वर्षानुवर्षं राहतं, आतल्या बाजूला फेरस सल्फेटचा थर बसतो आणि तोच टाकीला जपतो. तेच ॲसिड पाणी घालून पातळ केलं की टाकी खाऊन टाकतं. त्यामुळे कोणी म्हणालं “ॲसिडची टाकी आहे, एमएस चालेल ना?” तर पहिला प्रश्न: किती टक्के? दुसरा: टाकी कशाने धुणार? पाण्याने धुतली आणि तळाला थोडं उरलं, की तेच पातळ ॲसिड.

३. सोबत काय काय हवं

कागद:
जीएसटी नोंदणी. स्टीलवर १८ टक्के लागतो. पक्कं बिल नसेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट गेलं.
उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. ऑनलाइन, फुकट. पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा.
लेटरहेडवर परचेस ऑर्डर: ग्रेड, आयएस नंबर, जाडी मिलिमीटरमध्ये, आणि “टेस्ट सर्टिफिकेट सोबत” हे शब्द.
मालासोबत येणारं बिल, टेस्ट सर्टिफिकेट, वजनकाट्याची पावती आणि ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला साधारणपणे ई-वे बिल.

हत्यारं:
व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर, स्टील टेप, जुनी कानस, हातातला ग्राइंडर, ऑइल पेंटचा मार्कर, आणि एक वही. वही सर्वात महत्त्वाची.

४. वजनाचा हिशेब तोंडी आला पाहिजे

लोखंड किलोवर विकलं जातं आणि मापाने वापरलं जातं. या दोहोंच्या मधल्या फटीतून तुमचे पैसे गळतात.

पत्र्याचा हिशेब: १ चौरस मीटर, १ मिलिमीटर जाड, ७.८५ किलो. १२५० बाय २५०० ची ६ मिलिमीटरची प्लेट म्हणजे ३.१२५ गुणिले ६ गुणिले ७.८५, सुमारे १४७ किलो. गोल बारचा: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. २५ चा बार ६२५ भागिले १६२, म्हणजे ३.८६ किलो. ही १६२ ची युक्ती साइटवरचा प्रत्येक सुपरवायझर झोपेतही सांगेल. पाइपचा: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६.

पाइपमध्ये एक खड्डा आहे. “दीड इंची पाइप” बाहेरून दीड इंच नसतो, ४८.३ मिलिमीटर असतो. दीड इंच हे नाव आहे, माप नाही. क्लॅम्प बनवण्याआधी पाइप प्रत्यक्ष मोजा. मी बनवलेले सोळा क्लॅम्प अजून शेल्फवर आहेत.

गेजमध्ये दुसरा खड्डा. १६ गेज म्हणजे १.६, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९ मिलिमीटर; आकडा वाढला की पत्रा पातळ. पण “१८ गेज” म्हणून मागवलेला पत्रा १.१ चा आला तर भांडायला तोंड राहत नाही. गेज बोला, लिहा मात्र मिलिमीटर.

तिसरा खड्डा हलक्या सेक्शनचा. सेक्शनच्या वजनांच्या टेबलमध्ये १०० चा चॅनल मीटरला ९.५६ किलो. बाजारात त्याच उंचीचा हलका चॅनल मिळतो, किलोचा भाव तोच, नग स्वस्त पडतो. नवखा खूश होतो. इंजिनिअरने हिशेब ९.५६ वर केलेला असतो. दोन नग काट्यावर टाका, लांबीने भागा, टेबलशी ताडून बघा. थोडा फरक रोलिंगच्या सवलतीत येतो. पंधरा-वीस टक्के फरक म्हणजे माल दुसरा.

ट्रक रिकामा आणि भरलेला, दोन्ही वेळा तुमच्या समोर काट्यावर चढवा. शेठ कितीही गोड बोलला तरी.

५. टेस्ट सर्टिफिकेट वाचायला शिका

टीसी म्हणजे शोभेचा कागद नाही. त्यात हीट नंबर असतो, म्हणजे भट्टीतून माल कोणत्या घाण्यात निघाला त्याचा नंबर. तोच नंबर प्लेटच्या कोपऱ्यावर पंच केलेला किंवा रंगाने लिहिलेला असतो. दोन्ही जुळले तर टीसी त्या प्लेटचा, नाही तर तो कुठल्यातरी प्लेटचा. मी एकदा तीन वेगवेगळ्या जाडीच्या प्लेटांसाठी एकच टीसी घेऊन समाधानाने घरी आलो होतो. हीट नंबर एकाही प्लेटला जुळत नव्हता. पार्टीने माल नाकारला तेव्हा समजलं.

टीसीवर काय बघायचं:
कार्बन, ई २५० ए साठी ०.२३ टक्क्यांपर्यंत. सल्फर आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४५ च्या आत. दोन्ही जास्त झाले की माल ठिसूळ, सल्फर गरम असताना त्रास देतो, फॉस्फरस थंडीत.
यील्ड, टेन्साइल (तुटण्याची ताकद) आणि इलाँगेशन (तुटेपर्यंत किती टक्के ताणलं जातं). ई २५० ला किमान २३ टक्के इलाँगेशन हवं. ताकद भरपूर आणि इलाँगेशन कमी असेल तर खूश होऊ नका, वाकवताना तडकेल.
सीई, म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट. कार्बन अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचा पाचवा, अधिक निकेल-तांब्याचा पंधरावा. ई २५० ए ला ०.४२ च्या आत. वेल्डिंग किती सोपं जाईल याचा हा एक आकडा.

शंका आली तर एक तुकडा एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोला (कार्बन वगैरे किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राला) द्या. आणि लॅबच्या आधी घरचा उपाय: ग्राइंडरवर तुकडा लावून ठिणग्या बघा. संध्याकाळी, दिवा बंद करून. कमी कार्बनच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळट रेघा काढतात आणि टोकाला क्वचितच फुटतात. कार्बन वाढला की फुलबाजीसारख्या फुटायला लागतात. शेजारी खात्रीचा एमएसचा तुकडा धरून तुलना करा, नाही तर पहिल्या दिवशी सगळ्याच ठिणग्या सारख्या दिसतात. ठिणग्यांवरून ग्रेड ठरवू नका. फक्त “हे एमएस नाही” एवढं त्या ओरडून सांगतात.

आता अलंगच्या मालाबद्दल. भावनगर जिल्ह्यातल्या अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजं मोडतात, आणि त्यांच्या प्लेटा आपल्या बाजारात येतात. माल अनेकदा चांगला असतो, जहाजाची प्लेट हलकी नसतेच. पण हीट नंबर नाही, टीसी नाही, आणि समुद्रात वीस-पंचवीस वर्षं काढलेली असतात. वर्कबेंच, गेट, शेडमधला रॅक यांना बिनधास्त वापरा, मीही वापरतो. उचलण्याचे हुक, क्रेनचा बीम, दाबाचं कुठलंही काम, यांना हात लावू देऊ नका. बऱ्याच स्टील मालाला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पार्टीच्या इन्स्पेक्टरने विचारल्यावर ‘जहाजाची प्लेट आहे’ हे उत्तर चालत नाही.

६. कापणं आणि वाकवणं

कापण्यात फारसं डोकं लावायला नको. गॅस, प्लाझ्मा, लेझर, शिअरिंग, सगळं चालतं. लेझरला देताना माल गंजलेला नको, मधेच कट सुटतो.

वाकवताना रोलिंगची दिशा बघा. पत्र्याला लाकडासारखे रेषे असतात असं समजा. वाकाची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवली तर बाहेरची बाजू सहन करते. समांतर ठेवली तर बारीक चिरा पडू शकतात. नेस्टिंग करताना (एका पत्र्यावर सगळे तुकडे बसवताना) पत्रा वाचवायच्या नादात कॉम्प्युटर तुकडे फिरवतो, आणि वाकाची दिशा बिघडते. त्याला तसं आधी सांगावं लागतं. सोडल्यावर माल थोडा उलगडतो, म्हणून एक तुकडा ट्रायलला वाकवा.

सीआर पत्र्याची एक खोड फार कमी लोक सांगतात. पावसाळ्याच्या आधी स्वस्तात मिळाला म्हणून मी एकदा डीडी पत्र्याचा मोठा साठा केला. चार-पाच महिन्यांनी त्यातून पॅनल दाबले तर पृष्ठभागावर ज्वालांसारखे, किंवा वाळूवर लाटा उमटतात तसे पट्टे आले. पेंट मारला तरी तिरप्या उजेडात दिसत होते. कलाभवनात (बडोद्याच्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागात) मेटलर्जी शिकलेल्या एका मित्राने समजावलं: कमी कार्बनच्या पोलादात थोडे मोकळे कार्बन आणि नायट्रोजनचे अणू असतात. पत्रा गोदामात पडून राहिला की ते आतल्या दोषरेषांवर जाऊन बसतात आणि पत्रा एकसारखा ओढला जात नाही, झटक्याने पट्ट्यापट्ट्याने ओढला जातो. गिरणीत शेवटी हलका रोल देतात तो हेच टाळायला, पण त्याचा परिणाम वेळ गेला की ओसरतो. दिसणारं पॅनल असेल तर पत्रा ताजा घ्या, लवकर वापरा. आयएफ ग्रेडला हा त्रास नाही. (मित्राने फी घेतली नाही; कांदेपोहे खाऊन गेला.)

७. वेल्डिंग

एमएस म्हणजे वेल्डरचा लाडका. सीई ०.४ च्या आत आणि जाडी बेताची असेल तर आधी तापवायची गरज पडत नाही. साध्या कामाला ६०१३ रॉड. महत्त्वाच्या, भार घेणाऱ्या जोडांना ७०१८, म्हणजे लो हायड्रोजन. नवे इथे अडखळतात: ७०१८ महागाची आणतात आणि शेडमध्ये उघडी ठेवतात. जुलैच्या दमट हवेत तिचं फ्लक्स पाणी पितं, वेल्डिंगमध्ये त्यातला हायड्रोजन सुटतो आणि जोडाशेजारी दुसऱ्या दिवशी चीर दिसते. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, साधारण ३०० अंशांच्या आसपास, ओव्हनमध्ये भाजून घ्या आणि गरम पेटीतून एकेक काढा. ओव्हन नसेल तर ७०१८ आणूच नका.

लांब जोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला की पत्रा केळ्यासारखा वाकतो. आधी टाके मारा, मग एक तुकडा इथे, एक तिथे, असं वेल्ड करा. वेल्डर कंटाळतो, करायला लावा.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप जोडताना विशेष सांभाळा. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद १५०० च्या आसपास वितळतं, म्हणजे जोड व्हायच्या आत जस्ताचा धूर नाकात. रात्री थंडी-ताप येतो, सकाळी उतरतो, आणि लोक म्हणतात दूध पी. दुधाने काही होत नाही. जोडाच्या जागेवरचं जस्त ग्राइंडरने काढा, पंखा लावा, मास्क घाला.

टाकी गळते का हे बघायला जुनी पद्धत अजून पक्की: जोडाच्या बाहेरच्या बाजूला चुन्याचा हात द्या, वाळू द्या, आतून घासलेट लावा. घासलेट पाण्यापेक्षा बारीक भोकातून शिरतं. थोड्या वेळाने पांढऱ्या चुन्यावर काळपट टिंब उमटलं तर तिथे भोक आहे. आमचा जुना वेल्डर टिंब दिसलं की त्याच्याभोवती खडूने गोल काढायचा आणि आत तारीख लिहायचा.

८. कडक करायचं असेल तर

आता त्या पिना. पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवल्यावर कडक होतं ते त्यातल्या कार्बनमुळे. ०.२ टक्के कार्बनला तेवढी ताकद नाही. दोन वाटा आहेत.

पहिली: मुळातच मध्यम कार्बनचा बार घ्या, बाजारात ईएन ८. कार्बन साधारण ०.३५ ते ०.४५, हार्डनिंग घेतो. पण वेल्डिंगला तो एमएससारखा सरळ नाही, आधी तापवावा लागतो, हे लक्षात असू द्या.

दुसरी: केस हार्डनिंग. एमएस किंवा त्यासाठीचा खास ग्रेड ९०० ते ९३० अंशांना कार्बन देणाऱ्या वातावरणात काही तास ठेवतात. कार्बन वरच्या थरात शिरतो, तिथे तो ०.८ टक्क्यांच्या आसपास जातो, मग बुडवतात. वरची साल कडक, आतला गाभा मऊ. घासण्याला टिकतो, धक्क्याने तुटत नाही. साखळीच्या पिनांना हेच हवं होतं. हार्डनिंगवाल्याला “हार्ड करून द्या” सांगू नका. “केस हार्डनिंग, थर इतके मिलिमीटर, कडकपणा इतका” असं चलनावर लिहून द्या. माझ्या चलनावर नुसतं “हार्डनिंग, ४० नग” होतं.

९. गंज

एचआर मालावर निळसर काळी साल असते, मिल स्केल. दिसायला छान, त्यामुळे नवे त्याच्यावरच रेड ऑक्साइड मारतात. वर्षभरात ती साल पेंटसकट सुटते. बफिंग, शॉट ब्लास्टिंग किंवा ॲसिड पिकलिंग, काहीही करा, पण साल काढा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर पावसाळ्यात सकाळी पिवळी झाक आलेली असते.

गॅल्व्हनाइझिंगला देणार असाल तर दोन गोष्टी. बंद पाइपाला भोकं पाडा. ४५० अंशांच्या जस्तात बुडवल्यावर आत अडकलेली हवा आणि ओल बाहेर पडायला जागा नसेल तर पाइप फुटतो आणि कढईवरचा माणूस भाजतो. आणि टीसीवरचं सिलिकॉन बघा: ०.०४ ते ०.१२ टक्क्यांच्या पट्ट्यात असेल तर जस्ताचा थर जाड, राखाडी आणि खरखरीत बसू शकतो. गॅल्व्हनाइझरला शिव्या देण्याआधी टीसी काढा.

१०. साठवण

विश्वामित्रीने २०१९ आणि २०२४ मध्ये शहराला जे दाखवलं, त्यानंतर माझे रॅक जमिनीपासून दीड फूट वर आहेत. पत्रे एकावर एक चिकटून ओले झाले की मधल्या मधे गंज धरतो आणि वरून काही कळत नाही. जीआय पत्र्यावर पांढरी भुकटी येते. मधे फळ्या ठेवा.

उरलेल्या तुकड्यांना कापल्या कापल्या रंग लावा. आमच्याकडे ई २५० ला निळा, ई ३५० ला पिवळा, ईएन ८ ला लाल पट्टा. पट्टा नेहमी त्या टोकाला, जे शेवटी कापलं जाणार. नाही तर पहिल्याच कटमध्ये रंग भंगारात जातो आणि हातात बेनामी लोखंड उरतं. ज्या तुकड्यावर पट्टा नाही तो गेटच्या जाळीत किंवा भंगारवाल्याकडे. त्या चाळीस पिनांवरही पट्टा नव्हता. त्यातल्या अठ्ठावीस आता शेडच्या दारांच्या बिजागऱ्यांत आहेत, आणि तिथे एमएस अगदी योग्य आहे.